परदेशी शिकायला जाताना कोणता कुकर न्यावा: हॉकिन्सचा स्टीलचा ३ लिटरचा कुकर

व्हिसा लागला, तिकीट निघालं की घरात सामानाची यादी सुरू होते आणि त्या यादीत कुकर पहिल्या पाचांत असतो. तो असायलाच हवा. बाहेर रोज जेवणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. कॉलेजातून दमून आल्यावर अर्ध्या तासात वरण-भात पुढ्यात आणणारं, वर्षानुवर्षं टिकणारं दुसरं भांडं नाही. पण बहुतेक जण घाईत हाताला येईल तो, म्हणजे सहसा २ लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर उचलतात आणि तिथल्या इंडक्शन शेगडीवर तो ठेवल्यावर काहीच होत नाही. म्हणून हा सविस्तर आढावा. कुकर हॉकिन्सचा: स्टेनलेस स्टीलचा, इंडक्शनवर चालणाऱ्या जाड तळाचा, ३ लिटरचा.

आधी शेगडीचं बघू. जर्मनीत आणि युरोपात इतरत्र वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात गॅस क्वचितच दिसतो. एकतर काचेखाली तारा तापणारी इलेक्ट्रिक शेगडी असते, नाहीतर इंडक्शन. अमेरिकेत भाड्याच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये वेटोळ्याची उघडी शेगडी अजूनही सर्रास आहे. इंडक्शनवर तळाला चुंबक चिकटला तरच भांडं तापतं. साधं ॲल्युमिनियम, मग ते काळं हार्ड ॲनोडाइज्ड का असेना, वेगळा इंडक्शन तळ दिलेला नसेल तर इंडक्शनला दिसतच नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. ते तळाच्या मध्यभागी आणि कडेला, दोन्हीकडे घट्ट चिकटलं पाहिजे. हा स्टीलचा कुकर या परीक्षेत उतरतो. गॅस, तारांची काच-शेगडी, वेटोळं, इंडक्शन, सगळीकडे चालतो. तळात दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा जाड थर आहे. स्टील एकटं उष्णता नीट पसरवत नाही, मधोमध डाग पडून डाळ लागते. तो थर हे काम करतो. किंमत त्याच मापाच्या साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरच्या जवळजवळ दुप्पट पडते, पण इथे पैसे वाचवू नका.

आता २ की ३ लिटर? डाळ, कडधान्यं, खिचडी असं जे फसफसून वर येतं, त्यासाठी कुकर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरायचा नाही. बाकीच्यासाठी दोन तृतीयांश. म्हणजे २ लिटरच्या कुकरात डाळीसाठी वापरता येणारी जागा १ लिटर. एकट्याच्या एका वेळेला हे भरपूर आहे. पण परदेशात रोज दोन्ही वेळा कुणी कुकर लावत नाही. एकदा लावायचं, अर्धं फ्रिजमध्ये टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर फोडणी द्यायची, असंच चालतं. शिवाय दोघं-तिघं मिळून घर घेतात, तेव्हा स्वयंपाकही वाटून होतो. या दोन्हीला २ लिटर तोकडा पडतो आणि पोरं तो गळ्यापर्यंत भरतात. मग शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, शेगडी माखते, वाफ जायची नळी डाळीच्या सालांनी तुंबते. ३ लिटरचं वजन २ लिटरपेक्षा फार नाही. घरातल्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवून बघा, फरक एखाद्या जाड पुस्तकाएवढा निघेल. स्वतःपुरतं, एकाच वेळेचं शिजवणार हे पक्कं असेल त्यानेच २ लिटरचा घ्यावा.

हॉकिन्सचं झाकण आत बसतं, आणि ज्यांच्या घरी बाहेरून फिरवून लावायच्या झाकणाचा कुकर आहे त्यांना हे सुरुवातीला जड जातं. तोंड आणि झाकण दोन्ही लंबगोल असतात. झाकण तिरकं करून आत सोडायचं, आडवं करायचं, वर ओढायचं आणि दांड्याचा आकडा अडकवायचा. यातली खुबी अशी, की आतली वाफच झाकणाला काठाशी दाबून धरते. दाब असेपर्यंत झाकण खाली सरकत नाही, म्हणून कितीही घाई असली तरी कुकर उघडत नाही. पहिल्यांदाच एकट्याने स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात द्यायला यापेक्षा निर्धास्त रचना नाही. माझ्या मते केवळ या एका गोष्टीसाठी हा कुकर घ्यावा.

याच रचनेचा तोटाही सांगायला हवा, कारण तो नेमका आपल्या पद्धतीच्या आड येतो. आपण कुकर लावतो म्हणजे खाली जाळी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. पण हॉकिन्सचं तोंड पोटापेक्षा अरुंद आहे. घरातले डबे पोटात मावतील एवढे दिसतात, पण तोंडातून आत जातच नाहीत. त्यामुळे डबे घेताना कुकर दुकानात सोबत न्या आणि डबा प्रत्यक्ष आत घालून बघा. पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत हे सहज करू देतात. उंची मोजताना झाकण आत उतरायला जागा लागते, तीही धरा. दोन डबे बसत नसतील तर एका डब्यात डाळ आणि तळाला थेट बटाटे, असं जमतं. दोन डब्यांशिवाय अडतच असेल तर बाहेरच्या झाकणाचा, इंडक्शन तळाचा ३ लिटरचा कुकर घ्यावा. प्रेस्टिजचे तसे मिळतात आणि त्यांचं तोंड सरळ असतं.

परदेशी शेगडीवर सगळ्यात जास्त चूक होते ती शिट्ट्या मोजण्यात. गॅसवर आच सारखी असते, म्हणून घरातलं ‘डाळीला चार शिट्ट्या’ हे गणित जमतं. इंडक्शन कमी आचेवर मध्येच बंद होतं, मध्येच चालू होतं. दाब खालीवर होतो आणि शिट्ट्यांना काही अर्थ उरत नाही. तारांच्या काच-शेगडीचं उलट, बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. शिट्ट्या होतच राहतात आणि भात तळाला धरतो. म्हणून वेळ मोजा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी आली की आत पूर्ण दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो, तयार झाला आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचलं. तिथून आच एकदम कमी करायची आणि घड्याळ लावायचं.

अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, १ वाटीला ३ वाट्या पाणी, थेट कुकरात: ८ ते १० मिनिटं. डब्यात असेल तर १५. रात्रभर भिजवलेले राजमा-छोले २० ते २५. अर्धे कापलेले मध्यम बटाटे ८. वीस मिनिटं भिजवलेला तांदूळ थेट कुकरात, १ वाटीला २ वाट्या पाणी: पहिली शिट्टी झाली की बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. तारांच्या शेगडीवर मात्र बंद करून भागत नाही, कुकर उचलून थंड जागेवर ठेवावा लागतो. डब्यांची पद्धत असेल तर तळाला निदान दीड वाटी पाणी हवंच, राजम्यासारख्या जास्त वेळ शिजणाऱ्या गोष्टींना त्याहून जास्त.

लंडन, म्युनिक अशा ठिकाणी पाणी जड आहे. त्यातल्या चुन्यामुळे कडधान्यं लवकर मऊ होत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या कुकरला मिळतो. चिमूटभर खायचा सोडा किंवा पाच-सात मिनिटं जास्त, एवढ्याने काम होतं. आत पांढरा थर बसला तर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून झाकण न लावता उकळा.

शेगडी कोणतीही असो, सगळ्यात लहान वर्तुळ वापरा. छोट्या कुकरचा तळ मोठ्या वर्तुळाला पुरत नाही. इंडक्शन त्याला ओळखत नाही, आणि तारांच्या शेगडीची आच बाहेरून वर जाऊन दांडा भाजते. काचेवर कुकर सरकवू नका, उचलून ठेवा. तळाखाली वाळूचा एक कण असला तरी चरा पडतो. गूळ घातलेली आमटी काचेवर उतू गेली तर शेगडी बंद करून, काच गरम असतानाच, त्यासाठीच मिळणाऱ्या ब्लेडच्या खरवडणीने हात सांभाळून काढा. वितळलेली साखर थंड होताना काचेचे टवके ओढते आणि घर सोडताना त्या काचेचे पैसे अनामत रकमेतून जातात.

वाफेचंही तसंच. धूर ओळखणाऱ्या काही यंत्रांना दाट वाफ आणि धूर यांतला फरक कळत नाही. कुकर यंत्राखाली ठेवू नका, वरचा पंखा कुकर लावण्याआधी सुरू करा, आणि फोडणी चालू असताना स्वयंपाकघराचं दार मार्गिकेकडे उघडं टाकू नका. आगीचा भोंगा वाजला की अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर उभी राहते. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ मानतात, तेव्हा शिट्टी टाळलेली बरी. ज्यांनी शिट्टी कधी ऐकलेलीच नाही त्या घरातल्या मंडळींना पहिल्याच दिवशी कुकर दाखवून, एक शिट्टी त्यांच्यासमोर होऊ द्या. अमेरिकेत विद्यापीठाच्या वसतिगृहात खोलीत शेगडी ठेवायला बऱ्याचदा परवानगीच नसते. तिथे राहणार असाल तर कुकर घेण्याआधी नियम वाचा.

सुटे भाग इथूनच न्या. दोन जास्तीच्या रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह, एक जास्तीची शिट्टी. रिंगेच्या पाकिटावर ती कोणत्या लिटरच्या कुकरसाठी आहे ते छापलेलं असतं, ते बघून आणि कंपनीचीच घ्या. दिसायला सारखी असलेली स्वस्त रिंग एक-दोन मिलिमीटरने चुकते आणि दांड्याजवळून वाफ सुटते. थंडीत रबर कडक होतं, तेव्हा रिंग कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून बसवा. धुताना रिंग काढून वेगळी धुवा, पुसून वाळवा. डिशवॉशरमध्ये झाकण, रिंग, शिट्टी काहीही घालू नका. दांड्यांची चमकही त्यात जाते.

सेफ्टी व्हॉल्व्ह कधी उडतो हे समजून घ्या. आतलं पाणी आटलं किंवा नळी तुंबली आणि उष्णता वाढली की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. एकदा उडाला की तो संपला, बदलावाच लागतो. तो बसवायचं निघण्याआधी घरीच शिकून घ्या. रोजची तपासणी मात्र पाच सेकंदांची आहे: शिट्टी काढायची, झाकण उजेडासमोर धरायचं आणि नळीतून पलीकडचा उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. भाताचं एक शीत तिथे अडकलेलं असतं आणि आपण रिंग बदलत बसतो.

बॅगेत भरताना कुकर चेक-इन सामानातच टाका, हातातल्या बॅगेत नको. २०१३ साली बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांत प्रेशर कुकर वापरले गेले होते आणि तेव्हापासून अमेरिकेकडे जाणाऱ्या सामानात तो दिसला की तपासणारे थबकतात. झाकण लावून पाठवू नका, शेजारी टॉवेलात गुंडाळून ठेवा. दांड्याचा स्क्रू काढला तर दांडाही मोडत नाही आणि जागाही वाचते. स्क्रू आणि शिट्टी छोट्या पिशवीत बांधून आत चिकटपट्टीने लावा, कारण हरवते ती शिट्टीच. कुकरच्या पोटात मसाल्याच्या पुड्या कोंबायची रीत आहे, पण जाड धातूआड भुकटी दिसली की बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. त्यापेक्षा मोजे आणि पुसणी भरा. आणि युरोपला जात असाल तर त्यात तुपाची बरणी नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

इलेक्ट्रिक कुकर इथून न्यावा का, असं अनेकजण विचारतात. अमेरिका-कॅनडाला अजिबात नको. तिथे वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, आणि एवढ्या वॅटचा कुकर चालवणारा ट्रान्सफॉर्मर कुकरपेक्षा जड पडतो. तिथेच इन्स्टंट पॉट या इलेक्ट्रिक कुकरचं ३ क्वार्टचं, म्हणजे जवळजवळ ३ लिटरचं, छोटं मॉडेल घ्यावं. युरोपात व्होल्ट जुळतात, तरी प्लग वेगळा. पीएचडीसाठी चार-पाच वर्षं जर्मनीत राहायचं असेल तर तिथले डब्ल्यूएमएफ किंवा फिसलरचे कुकरही उत्तम. ते शिट्टी वाजवत नाहीत, झाकणावरच्या खुणेवरून दाब कळतो आणि रिंग तिथल्या तिथे मिळते. फक्त नवे घेतले तर महाग पडतात.

निघायच्या निदान महिनाभर आधी कुकर घ्या आणि घरी दहा वेळा तरी लावून बघा, जमल्यास इंडक्शनवर. पहिल्यांदा नुसतं दोन वाट्या पाणी घालून. नवी रिंग एक-दोनदा कडेने वाफ सोडते, मग बसते. तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही वाफ सुटत असेल तर पावती घेऊन दुकानात जा. कंपनीची ५ वर्षांची हमी असते, पण ती वापरायची तर इथे असतानाच.