अनवाणी विजयाच्या वाटेवर : कोलकात्यातील एक हेरिटेज वॉक

कोलकात्याला जाणारा मराठी पर्यटक बहुधा व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ पाहून परततो. ज्याला खेळाची आणि स्वातंत्र्यलढ्याची ओढ आहे, त्याने मात्र मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या १९११ सालच्या आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड स्पर्धेतील विजयाची ओळख करून देणाऱ्या हेरिटेज वॉकसाठी अर्धा दिवस जरूर राखून ठेवावा. काही स्थानिक अभ्यासक हौसेने चालवत असलेला हा वॉक, १८८९ मध्ये जिथे क्लबची स्थापना झाली त्या उत्तर कोलकात्यातील फरियापुकुर भागात सुरू होतो आणि श्यामबाजारहून मेट्रोने एस्प्लनेडला उतरल्यावर ‘मैदान’ नावाच्या शहरातील विस्तीर्ण मोकळ्या जागेवर संपतो.

आमचे मार्गदर्शक थेट शील्डच्या अंतिम सामन्यावर आले नाहीत, हे मला फार आवडले. १९०५ ची बंगालची फाळणी, स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ, १९०८ मध्ये खुदीराम बोस यांना झालेली फाशी आणि त्यानंतरची दडपशाही, हे सारे त्यांनी गल्ल्यांमधून चालता चालता उभे केले. आम्ही पुण्याचे आहोत हे कळताच, मुजफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांसाठी शिक्षा झालेले टिळक या सामन्याच्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, हा धागाही त्यांनी आपणहून जोडला. बंगाली माणूस अंगाने दुबळा आणि लढायला नालायक, असा शिक्का राज्यकर्त्यांनी मारलेला होता. त्यामुळे २९ जुलै १९११ रोजी, अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी असलेल्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटधारी सैनिकांना २-१ असे हरवले, तेव्हा खचलेल्या लोकांना केवढे बळ मिळाले असेल, हे मैदानावर पोहोचण्याआधीच उमगलेले असते.

मैदानावर त्यांनी पिशवीतून जुन्या पद्धतीचा, चामड्याच्या तुकड्यांचा आणि वादीने आवळलेला फुटबॉल काढून प्रत्येकाच्या हातात दिला. ती वादी बोटांना चांगलीच टोचते. असा चेंडू उघड्या पायाने मारायचा आणि समोरून येणारे लष्करी बूटही चुकवायचे, याची कल्पना तेवढ्यानेच येते. पहिला गोल गोऱ्यांनी केला, कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आलेला असताना अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला, हा क्रम त्यांनी गवतावर जागा दाखवत सांगितला. अफाट गर्दीत मागे राहिलेल्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले, ही हकीकत ऐकताना आमच्यातील शाळकरी मुलांचेही डोळे चमकले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची सचोटी. जवळच्या फोर्ट विल्यमवरचा युनियन जॅक कधी उतरणार, असे विजयानंतर कुणीतरी विचारले आणि ‘मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा’ असे उत्तर मिळाले, ही गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली, पण ती आख्यायिका आहे हे आधीच बजावून. क्लबने पुढची शील्ड १९४७ मध्ये जिंकली, एवढे मात्र खरे. तसेच डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली, त्याचे श्रेय या सामन्याला देण्याचा मोह त्यांनी टाळला आणि त्याच घोषणेत राजधानी कोलकात्याहून दिल्लीला गेली, हेही सांगितले.

उणिवा आहेत. फरियापुकुरमध्ये एवढा वेळ जातो की मैदानावरचा भाग घाईत उरकावा लागतो, आणि खरे तर तोच सर्वांत समृद्ध आहे. वाहनांच्या गोंगाटात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नाही, तेव्हा पुढेच राहावे. क्लबचा तंबू, म्हणजे मैदानावरची त्याची वास्तू, आम्हाला बाहेरूनच पाहता आला. निवेदन इंग्रजी आणि बंगालीत होते. आधी कळवल्यास हिंदीत सांगणारी व्यक्ती मिळते, असे आम्हाला सांगण्यात आले. पावसाळ्यात छत्री आणि चिखलात चालणारी पादत्राणे सोबत ठेवावीत, आणि शक्य असल्यास सकाळची वेळ निवडावी.