ब्रदरहूड आधी का सिल्व्हर स्पून आधी? पहिल्यांदाच ॲनिमे बघणाऱ्यांसाठी

माझी एक मामेबहीण आहे कराडला, यंदा बारावी झाली, सीईटीपण देऊन झाली आणि आता निकाल लागेपर्यंत मोकळीच आहे, तर तिचा मेसेज आला की दादा तुम्ही लोक ते जपानी कार्टून बघता त्यातलं एकच सांग, लिस्ट पाठवू नकोस. आता एकच सांगणं किती अवघड आहे हे बघणाऱ्यालाच माहिती. आम्ही पाचसहाजण रविवारी संध्याकाळी सांगलीत आमराईत बसतो, मध्ये भडंगाचा पुडा, आणि तासतासभर हाच वाद. एकजण वन पीसवाला, १९९९ ला सुरू झालेली सिरीज, हजाराच्या वर एपिसोड झालेत आणि अजून संपली नाही, तरी हा म्हणतो नवीन माणसाला हीच सांगायची. मिरजेचा एकजण हायक्यू ही व्हॉलीबॉलवरची सिरीज सोडून दुसरं बोलतच नाही कारण तो स्वतः कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होता. एक डेथ नोटवाली आहे, ३७ एपिसोड, विषय संपला, असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर तिच्या म्हणण्यात दम आहे. पण त्या रविवारी भांडून भांडून शेवटी दोनच नावं उरली आणि गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच बाईनं लिहिलेल्या निघाल्या.

ती बाई म्हणजे हिरोमु आराकावा. होक्काइडोची, म्हणजे जपानच्या अगदी वरच्या टोकाचं थंड बेट, तिकडचा दुधाचा पट्टा. घरी गोठा. शेतकी शाळेत शिकली, नंतर सात वर्षं घरच्याच शेतावर आणि गोठ्यात राबली, मग टोकियोला गेली कॉमिक्स काढायला. स्वतःचं चित्र काढायचं असलं की चष्मा लावलेली गाय काढते. तिचं एक कॉमिक २००१ ते २०१० चाललं, त्यावरनं फुलमेटल अल्केमिस्ट, आणि दुसरं २०११ ला सुरू झालं, त्यावरनं सिल्व्हर स्पून. पहिल्यात जादूसारखी किमया, युद्ध, राक्षस. दुसऱ्यात शेण. मी थट्टा करत नाहीये, खरंच शेण.

आधी वेळेचा हिशोब सांगतो कारण बऱ्याच जणांचं तिथंच ठरतं. ब्रदरहूड, म्हणजे त्या फुलमेटल अल्केमिस्टचीच एक सिरीज, ६४ एपिसोड, २००९-१० मधली, एक एपिसोड चोवीसेक मिनिटांचा, म्हणजे पंचवीस तास तरी धरा. सिल्व्हर स्पून दोन सीझन, ११ आणि ११, असे २२, आठ-साडेआठ तासात खलास, दोन रविवार. आणि सर्च करताना एक घोळ होतो तो आधीच सांगून ठेवतो, फुलमेटल नावाच्या दोन सिरीज आहेत, एक २००३ ची ५१ एपिसोडची आणि एक ही ब्रदरहूड. २००३ वाली आली तेव्हा कॉमिक अर्धंच झालं होतं म्हणून त्यांनी पुढची गोष्ट स्वतःच रचली. ती वाईट नाही, उलट काही ठिकाणी जास्त उदास आणि मला तर आवडते, पण बाईंची पूर्ण गोष्ट पाहिजे तर नावात ब्रदरहूड आहे का ते बघून प्ले करा. आमच्यातल्या एकानं वीस एपिसोड चुकीची बघितली आणि आमच्याशी वाद घालत बसला होता की तुम्ही सांगता तसं काही होतच नाही.

ब्रदरहूडची गोष्ट थोडक्यात अशी की दोन भाऊ, एड आणि अल, आई वारली म्हणून तिला परत आणायला जातात. किमयेनं. आणि त्यासाठी एड माणूस बनवायचं सामान गोळा करतो, ती यादी तो घडाघडा म्हणून दाखवतो, पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, असं पुढं गंधक लोखंड वगैरे, आणि वर म्हणतो की एवढं सगळं बाजारात पोराच्या खाऊच्या पैशात मिळतं. वाण्याच्या दुकानात चिठ्ठी दिल्यासारखी ती यादी, आणि त्यातनं आई येत नाही. जे येतं ते सांगत नाही. त्या रात्री एडचा एक पाय जातो, अलचं अख्खं शरीर जातं, आणि भावाचा जीव तरी राहावा म्हणून एड आपला हातपण देतो आणि अलचा आत्मा एका लोखंडी चिलखतात बांधतो. तिथनं पुढं दोघं आपलं शरीर परत मिळवायला फिरतात. सगळ्या गोष्टीत एकच नियम, काही पाहिजे तर तेवढ्याच किमतीचं काहीतरी द्यायचं. बरोबरीचा सौदा.

तिचा प्रॉब्लेम एकच आणि तो पहिल्याच एपिसोडला आहे. पहिला एपिसोड कॉमिकमध्ये नाहीच, सिरीजवाल्यांनी स्वतः घातलाय, त्यात एकदम वीस माणसं आणि मारामारी आणि कुणाला काही कळत नाही की हा कोण तो कोण. मी पहिल्यांदा तिथंच बंद केली होती आणि चार महिने परत उघडली नाही. तर पहिला डोळे झाकून पुढं ढकला, दुसऱ्यापासून गाडी रुळावर येते. आणि चौथा एपिसोड जेवताना बघू नका. एवढंच सांगतो, जास्त नाही.

बाकी ब्रदरहूडबद्दल तक्रारीला जागा कमीच. एवढी पात्रं आहेत पण एकपण वाया जात नाही, विसाव्या एपिसोडला सहज बोललेलं पन्नासाव्याला उगवतं, आणि मुख्य म्हणजे गोष्ट संपते. नीट, गाठ मारून संपते. मोठ्या सिरीजमध्ये हे किती दुर्मिळ आहे ते आमच्या वन पीसवाल्याला विचारा.

आता सिल्व्हर स्पून. साप्पोरो शहरातला एक हुशार पोरगा, हाचिकेन, मार्कांच्या शर्यतीला आणि बापाच्या नजरेला कंटाळून मुद्दाम लांबच्या शेतकी शाळेत हॉस्टेलला येतो, कारण तिथं अभ्यासात आपण आरामात पहिले येऊ असा त्याचा हिशोब. आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की अंडं कोंबडीच्या कुठनं बाहेर येतं, आणि तो अंडंच नको म्हणतो. वर्गातली बाकीची पोरं सगळी गोठ्यात वाढलेली, ती याच्याकडं असं बघतात जसं आपण पुण्याहून आलेल्या आणि उसाच्या फडात सँडल घालून उतरलेल्या पाहुण्याकडं बघतो.

मी ही दुसऱ्यांदा बघितली ती आमच्या काकांबरोबर, गावाकडं, पलूस तालुक्यात. काकांकडं तीन एचएफ जातीच्या गायी, दूध डेअरीला, दहा दिवसाला बिल. मी ओट्यावर लॅपटॉप लावून बसलो होतो आणि काका धार काढून हात पुसत पुसत मागं येऊन उभे राहिले, सबटायटल इंग्लिश, त्यांना वाचता येत नाही, मी जमेल तसं सांगत होतो. थोड्या वेळानं माझं सांगणं बंदच झालं कारण गरजच नव्हती. मशीन लावायच्या आधी थान पुसलं, तर काका मान डोलावतात. सुट्टीत हाचिकेन मैत्रिणीच्या गोठ्यावर कामाला राहतो, तिथं त्याच्या हातनं एक पाईप जोडायची राहते आणि दूध सगळं फरशीवर. काका एकदम पुढं झुकले. "आरं आरं आरं, गेलं की! किती लिटर?" मला काय माहिती किती लिटर. मग पुढं तो पोरगा म्हणतो मला पगार नको, माझ्यामुळं नुकसान झालं, आणि मालक तरी त्याला पगार देतोच. काका काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपल्याकडं कापला असता." आणि गायींना वैरण टाकायला गेले.

मला त्या दिवशी पहिल्यांदा क्लिक झालं की बाईंनी दोन्हीकडं एकच गोष्ट लिहिलीय. ब्रदरहूडमध्ये बरोबरीचा सौदा हा किमयेचा नियम आहे, सिल्व्हर स्पूनमध्ये तोच नियम गोठ्यात आहे, पेंडीचं पोतं आत, दूध बाहेर, आणि बिल आलं की कळतं सौदा काय बरोबरीचा झाला नाही. एड ज्या नियमाशी ६४ एपिसोड झगडतो तो नियम काका रोज पहाटे पाच वाजता मोडलेला बघतात.

दुसऱ्या सीझनला तर गोष्ट एकदम आपल्याच गावात येते. वर्गातला एक पोरगा बेसबॉलचा जबरदस्त बॉलर, म्हणजे पिचर, घरी डेअरी फार्म आणि डोक्यावर कर्ज. आणि त्या कर्जाला जामीन कोण, तर शेजारी, म्हणजे त्याच मैत्रिणीच्या घरचे. जामीनदार! हा शब्द मी काकांना सांगितला आणि मग मला पुढचं काहीच सांगावं लागलं नाही, सोसायटीच्या कर्जाला सही करून बसलेली माणसं प्रत्येक गल्लीत असतात. पुढं गोठा रिकामा होतो. २०१९ च्या पुरानंतर काकांनी दोन गायी विकल्या होत्या, त्याच्यावर घरात कुणी बोलत नाही, त्या एपिसोडलापण कुणी बोललं नाही.

बरं, सगळं असं जड पण नाही. शाळेत पोरं जुनी भट्टी शोधून काढतात आणि सगळ्यांच्या घरचं सामान आणून पिझ्झा करतात तो एपिसोड बघून भूक लागते. आणि एक शर्यत आहे, बान-एई म्हणतात, टनभर वजनाचे घोडे लोखंडी घसरगाडी ओढतात, २०० मीटरचा ट्रॅक आणि मध्ये दोन चढ. ही खरीखुरी शर्यत आहे, आता फक्त ओबिहिरो शहरात होते. त्यात हाकणारा घोड्याला चढाच्या आधी मुद्दाम थांबवतो, दम खाऊ देतो. बैलगाडा शर्यत बघणाऱ्या माणसाला हे बघून वेड लागायची वेळ येते. काका म्हणाले, "थांबवतंय? शर्यतीत थांबवतंय व्हय?" ते तीनदा मागं घेऊन बघितलं.

आता सिल्व्हर स्पूनमधले दोन खटके, लपवत नाही. एक म्हणजे ती संपत नाही. कॉमिक १५ भागांचं आहे, २०१९ ला संपलं, पण सिरीज २०१४ लाच थांबली आणि तिसरा सीझन आला नाही. गोष्ट थांबते तिथं बरं वाटतं, पण पुढं त्या पोरांचं काय झालं हे कळायला कॉमिक वाचावं लागतं. ज्यांना अर्धवट सोडलेलं चालत नाही त्यांनी आत्ताच विचार करा.

दुसरा खटका जास्त मोठा आहे, निदान आपल्याकडं. हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिल्लाला जीव लावतो, त्याचं नाव ठेवतो पोर्क बाऊल, आणि नाव ऐकूनच पुढचं समजा. शेवटी तो त्याचंच मांस स्वतःच्या कमाईनं विकत घेतो. गाडीखाली आलेलं हरीण साफ करायचा एक सीनपण आहे. आमच्या सांगलीत जैन आणि लिंगायत घरं कितीतरी, आमच्या ग्रुपमधली डेथ नोटवाली त्यातलीच, तिनं नवव्या एपिसोडच्या आसपास सोडली आणि परत बघितली नाही, आणि मी तिला बघ म्हणालो नाही. तिचा मुद्दा असा की खून-मारामारीचं रक्त खोटं वाटतं, हे खरं वाटतं. उलट मिरजेचा हायक्यूवाला म्हणतो की त्या पोरानं मांस खाण्याआधी जेवढा विचार केला तेवढा आपण आयुष्यात केला नाही, मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहून पण. दोघांचं खरंय. घरी सगळ्यांबरोबर बघणार असाल आणि घरात अभक्ष्य चालत नसेल तर ब्रदरहूडच लावा, त्यात रक्त भरपूर आहे पण ताटातलं नाही. फक्त दहा वर्षांच्या आतलं पोरगं शेजारी बसवू नका, चौथ्या एपिसोडमुळं.

तर माझं मत. सिरीज म्हणून ब्रदरहूड मोठी आहे, यात मला शंका नाही, आमराईत कुणालाच नव्हती. पण पहिली म्हणून मी सिल्व्हर स्पून सांगीन, जर तुमचा गावाशी, गोठ्याशी, शेताशी थोडाफारपण संबंध असेल तर. कारण ॲनिमे म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात एकतर डोरेमॉन नाहीतर तलवारी घेऊन किंचाळणारी पोरं, आणि ते बघून घरचे म्हणतात एवढा मोठा झालास आणि कार्टून बघतोस. सिल्व्हर स्पून लावली की असं कुणी म्हणत नाही, उलट मागं खुर्ची आणून बसतात. ब्रदरहूड एकट्यानं, रात्री, हेडफोन लावून बघायची चीज आहे, ती तुम्हाला झोपू देणार नाही आणि पंचवीस तास कुठं गेले कळणार नाही. परीक्षा तोंडावर असेल तर चुकूनपण सुरू करू नका, तेव्हा सिल्व्हर स्पून, रोज एक, जेवणानंतर. आणि शहरात वाढलेला असशील, गोठ्याचा वासपण सहन होत नसेल, तर सरळ ब्रदरहूड, पहिला एपिसोड सोडून.

मामेबहिणीला मी हेच सगळं पाठवलं, दोन व्हॉइस नोटमध्ये, तिचं घर कराडजवळ मलकापूरला, घरी म्हैस आहे, म्हणून सिल्व्हर स्पून आधी असं ठासून सांगितलं. तिनं ठीक आहे दादा म्हणून अंगठा पाठवला आणि अर्थातच दुसरीच सुरू केली. काल रात्री पावणेबाराला मेसेज आला, "चौथा बघितला. ती लहान मुलगी. दादा तू आधी का नाही सांगितलंस." खाली रडकं तोंड पाच वेळा. सांगितलं होतं की, दुसऱ्या व्हॉइस नोटमध्ये, तिनं पहिलीच ऐकली असणार.