तालुक्याच्या महाविद्यालयातील ऑनर्स गट : एका पालकाचा अभिप्राय

जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षापासून ऑनर्सच्या तयारीसाठी स्वतंत्र गट सुरू केला आहे. माझी मुलगी वनस्पतीशास्त्र घेऊन त्यात दुसरे वर्ष शिकते आहे. हा गट घ्यावा की नाही, असा विचार जूनमध्ये अनेक घरांत सुरू होईल, म्हणून आमचा अनुभव येथे नोंदवतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची (क्रेडिटची), तर चार वर्षांची ऑनर्स पदवी किमान १६० श्रेयांकांची असते. संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. असा प्रकल्प चौथ्या वर्षी एकदम अंगावर पडला तर तो कोठून तरी उतरवून काढला जाण्याची भीती असते. दोन वर्षे आधीपासून सवय लावण्याची महाविद्यालयाची कल्पना त्यामुळेच मला फार मोलाची वाटते.

या गटातील खरे शिक्षण आठवड्यातून एकदा होणाऱ्या दोन तासांच्या बैठकीत होते. मुलीने केळीच्या पानांवरील करपा हा बुरशीजन्य रोग विषय म्हणून घेतला होता. घरची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची नवी लागवड) आणि शेजारची पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेली बाग) अशा दोन ठिकाणी पावसाळाभर फिरून तिने पहिले टिपण लिहिले आणि त्यात 'पिलबागेत करपा जास्त आढळला' असे वाक्य होते. मार्गदर्शक सरांनी ते टिपण परत दिले आणि किती झाडे पाहिली, प्रत्येक झाडावर किती पाने होती, त्यांतली किती रोगट होती आणि रोगट पाने कापून बागेबाहेर नेली होती का, एवढेच विचारले. त्यानंतर दर रविवारी खुणेच्या त्याच तीस झाडांची पाने मोजणारी मुलगी मी पाहिली. चार महिन्यांनी तिने माझ्याकडून पाणी दिल्याच्या तारखाही मागितल्या, आणि मी त्या कधीच लिहून ठेवत नव्हतो हे मला तिच्यासमोर सांगावे लागले. आता ठिबकच्या व्हॉल्व्हजवळ एक वही असते.

प्रवेशाची पद्धतही सुधारली आहे. पहिल्या वर्षी केवळ गुणांवर निवड झाली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी आदिवासी वस्त्यांतील मुले जवळजवळ वगळली गेली. पुढच्या वर्षी गुणांबरोबर परिसरातल्या एखाद्या प्रश्नावर दोन पानांचे लेखन आणि मुलाखत ठेवली, तसेच मुलाखतीत लेवा बोलीत किंवा अहिराणीत उत्तर देण्यास हरकत घेतली नाही. घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात विचार मांडायला मिळाला की मूल मोकळे होते, हे आम्हा पालकांना ठाऊक आहे; महाविद्यालयाने ते मान्य केले याचे मला मनापासून समाधान आहे.

उणिवा मात्र गंभीर आहेत. बरेचसे मार्गदर्शन तासिका तत्त्वावरील (तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या, कायम नसलेल्या) प्राध्यापकांवर अवलंबून आहे. गेल्या वर्षी सत्राच्या मध्यावर एक प्राध्यापक सोडून गेले आणि त्यांच्याकडील पाच विद्यार्थ्यांचे प्रकल्प दोन महिने अडले. वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत बुरशीचे बीजाणू नीट दाखवू शकेल असा एकच सूक्ष्मदर्शक चालू स्थितीत आहे. बैठक संध्याकाळी संपते, तेव्हा आमच्या गावाची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. मी मोटारसायकलवर घ्यायला जातो, पण ज्यांच्या घरून कोणी येऊ शकत नाही अशा दोन मुलींनी याच कारणाने गट सोडला. बैठक सकाळी घेण्याची विनंती आम्ही पालकांनी लेखी दिली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

एवढे असूनही मी हा गट घेण्याचा सल्ला देईन, विशेषतः ज्यांचे मूल शेती, पाणी, बोली किंवा लोकजीवन यांविषयी प्रश्न विचारते त्यांना. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी विभागप्रमुखांना अवश्य विचाराव्यात : आपल्या मुलाचा मार्गदर्शक कायमस्वरूपी सेवेत आहे का आणि त्याच्याकडे एकूण किती विद्यार्थी आहेत. आम्ही प्रवेश घेताना हे विचारले नव्हते.