अमृतसरचं पार्टिशन म्युझियम : वाघ्याच्या घाईत चुकवू नका

सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, कुलचे आणि दुपारी वाघा बॉर्डर. टूरवाल्यांचं अमृतसर एवढ्यात आटोपतं. आमच्या टूरवाल्याने पार्टिशन म्युझियम, म्हणजे १९४७ च्या फाळणीचं संग्रहालय, ‘टाइम उरला तर’च्या यादीत टाकलं होतं. मी सरळ वाघ्याला बुट्टी मारली. ती कवायत टीव्हीवर पाहिलीय.

सुवर्णमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुना टाउन हॉल आहे, तिथे २०१७ साली हे म्युझियम सुरू झालं. राजकारणाचा भाग भिंतींवर येतो. भारत-पाकिस्तानची सरहद्द आखायला नेमलेले इंग्रज वकील रॅडक्लिफसाहेब जुलै १९४७ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा हिंदुस्थानात आले, पाचेक आठवड्यांत रेषा ओढून मोकळे झाले आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर! चीड येते, पण पाय अडतात ते लोकांनी दिलेल्या वस्तूंपाशी.

एक फुलकारीचा कोट आणि एक चामडी ब्रीफकेस. कोट तिचा, ब्रीफकेस त्याची. दोघांचं लग्न ठरलेलं, तेवढ्यात दंगली पेटल्या आणि दोघं वेगवेगळ्या वाटांनी पळाली. तिच्याबरोबर दोन वर्षांचा भाऊ. त्याचे तीन भाऊ मारले गेलेले, ब्रीफकेसमध्ये दाखले आणि जमिनीचे कागद. अमृतसरच्या छावणीत जेवणाच्या रांगेत दोघांची गाठ पडली. मार्च १९४८ मध्ये लग्न झालं. ही हकिगत नसती तर ‘काय सुरेख भरतकाम’ म्हणून मी पुढे सरकले असते.

जागोजागी स्क्रीनवर वयस्कर माणसं आपली कहाणी सांगतात. दोन-तीन तरी पूर्ण ऐका. आठवणीत तारखा मागेपुढे होणारच, त्यासाठी नकाशे आणि वर्तमानपत्रं आहेत. पण निघताना चुलीवर काय होतं, किल्ली कोणाच्या हातात दिली, हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडायचं?

एका दालनात विहीर आहे. अब्रूसाठी बायकांनी विहिरी जवळ केल्या, काहींना घरच्याच पुरुषांनी मारलं. लहान मुलं बरोबर असतील तर इथे जरा विचार करा.

भर अर्थातच पंजाबवर आहे. मी कल्याणची. उल्हासनगरला आमच्याकडे अजून ‘कॅम्प’च म्हणतात. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं राहिली, तेच हे गाव. तिथल्या माळ्यांवर सिंधहून आलेल्या किती ट्रंका पडून असतील! बराकीत राहिलेल्या आज्या आहेत तोवर कोणीतरी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे बसायला हवं. एखाद्या बराकीतच असं म्युझियम झालं तर तिकिटाच्या रांगेत मी पहिली.

निवांत दोन तास काढा. सोमवारी बंद असतं, त्या हिशेबाने टूरवाल्याशी आधीच भांडून ठेवा.