पाच हजारांचा परवाना आणि पिल्लाचं वय

‘आमच्याकडे सरकारी रजिस्ट्रेशन आहे’ असं सांगून लॅब्राडोर, शिट्झू, हस्की यांच्या पिल्लांचा भाव हल्ली सर्रास चढवला जातो. तेव्हा हा ब्रीडरचा, म्हणजे कुत्र्यांची पिल्लं काढून विकणाऱ्याचा, परवाना एखाद्या विकत घेतलेल्या सेवेसारखाच तपासून पाहायला हवा. कागदावर त्याला पाचपैकी चार गुण, प्रत्यक्ष वापरात जेमतेम दोन.

परवाना येतो केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांतून. देतं ते राज्याचं प्राणी कल्याण मंडळ. जागेची पाहणी होते, शुल्क 5000 रुपये आणि मुदत 2 वर्षं. त्यामुळे भिंतीवर फ्रेम दिसली की आधी तारीख वाचा. अनेक जण त्याऐवजी केनेल क्लबचा कागद पुढे करतात. ती वंशावळ झाली, परवाना नव्हे. ‘मी ब्रीडर नाही, फक्त मध्ये आहे’ हेही चालत नाही, कारण मध्यस्थ आणि व्यापारी दोघेही ब्रीडरच्या व्याख्येत बसतात.

नियमांचा सर्वांत भक्कम भाग पिल्लांच्या आईबद्दलचा आहे. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही. त्याआधी व्हेटकडून तब्येतीचा दाखला हवा. लागोपाठच्या दोन माजांत वेत घ्यायचं नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणजे हिशेबाने वर्षाला एकच वेत. आयुष्यात फार तर पाच वेतं आणि आठ वर्षांनंतर एकही नाही. दर माजाला वेत काढलं तर मादीचं वजन आणि कॅल्शियम भरून यायला वेळच मिळत नाही. पिल्लं अशक्त निपजतात, पाजताना मादीला झटके येऊ शकतात. म्हणून पिल्लू पाहण्याआधी आई पाहायला मागा. ‘ती फार्मवर आहे’ असं उत्तर आलं, तर तिथूनच परत फिरावं.

दुसरा कामाचा नियम म्हणजे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू गोंडस दिसतं, शिवाय पुढच्या तीन आठवड्यांचं खाणं आणि पहिली लस विकणाऱ्याला वाचते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती याच सुमाराला उतरू लागते, आणि नव्या घरी आठवडाभरात पार्व्हो या विषाणूचे जुलाब सुरू होऊ शकतात. तोंड उघडून दात पाहा. आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे 28 दात बहुतेक आलेले असतात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील, तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नका (अगदी लहान चणीच्या जातींत दात थोडे उशिरा येतात, एवढी सूट द्यावी). लसीच्या पुस्तिकेत दोन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस टोचल्याची नोंद असेल, तर पुस्तिकाच संशयास्पद. ती लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. कान कापलेला डॉबरमन किंवा शेपूट छाटलेला रॉटवायलर म्हणजे तर नियमभंगाचा चालताबोलता पुरावा.

कातडीखाली टोचलेली मायक्रोचिप सक्तीची आहे, पण तिच्याबद्दल गैरसमज फार. ती जीपीएस नाही आणि तिच्यात मालकाचं नावही नसतं. असतो तो फक्त 15 आकडी नंबर. व्हेटकडे स्कॅनर खांद्यांच्या मधून सावकाश फिरवायला सांगा. तिथे आवाज आला नाही तर मान, छाती आणि पुढचे पायही तपासा, चिप सरकते. स्क्रीनवरचा नंबर पुस्तिकेतल्या स्टिकरशी आकड्याला आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर पैसे देऊ नका.

दोन गुण गेले कुठे? मुळात शिक्षेत. हे नियम ज्या 1960 च्या कायद्याखाली आले, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एवढ्यात पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. खरी जरब असते ती नोंदणी रद्द होण्याची, पण ज्याने नोंदणीच केलेली नाही त्याला तिची कसली भीती?

मांजरांसाठी तर प्रजननाचे असे वेगळे नियमच नाहीत. 2018 चे पेट शॉप नियम विक्रीला लागू होतात, पण पर्शियन मांजरीची वर्षाला किती वेतं काढायची याला मर्यादा नाही. गर्भ नऊ आठवड्यांचा, आणि व्याल्यावर काही आठवड्यांतच मांजर पुन्हा माजावर येऊ शकते. त्यामुळे तीन वेतं सहज निघतात. परवान्याच्या भरवशावर न राहता पर्शियन पिल्लासाठी दोन कागद स्वतः मागा: आई-बापाची किडनीच्या गाठींची, म्हणजे पीकेडीची जनुकीय चाचणी, आणि मांजरीची एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा मांजरांचा विषाणू) व ल्युकेमिया विषाणूची रक्ततपासणी. नुसत्या ‘हेल्दी आहे’ अशा शिक्क्यावर या दोन्ही गोष्टी कळत नाहीत.