वृद्धाश्रमात रात्रीची गोळी की गोळीविना सांभाळ? निर्णयापूर्वीचा तुलनात्मक आढावा

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा दिवेलागणीला "बैल बांधायचे राहिले" म्हणत रोज फाटकाकडे निघू लागले, की आश्रमाच्या व्यवस्थापकांसमोर दोन मार्ग उरतात. डॉक्टरांना सांगून रिस्पेरिडोन, क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल यांसारखे मनोविकारविरोधी औषध सुरू करून घ्यायचे, की गोळीविना सांभाळायचे? रात्रपाळीला एकच काळजीवाहक असलेल्या खेड्यातील आश्रमाला पहिला मार्ग जवळचा वाटतो, यात नवल नाही.

ज्येष्ठ व्यक्ती मारहाण करत असेल किंवा भासांमुळे तिच्या वा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर गोळीचा काही प्रमाणात उपयोग होतो. भटकणे किंवा तेच ते प्रश्न विचारणे मात्र तिने फारसे थांबत नाही. किंमतही मोठी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 17 चाचण्या तपासून 2005 मध्ये इशारा दिला. साधारण 10 आठवड्यांच्या चाचण्यांत स्मृतिभ्रंशाच्या ज्येष्ठांपैकी रिस्पेरिडोनसारखी नवी मनोविकारविरोधी औषधे घेणारे सुमारे 4.5 टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणारे सुमारे 2.6 टक्के दगावले होते. 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधेही त्या इशाऱ्यात आली. शिवाय तोल जाणे, अंग ताठरणे, घास नीट न गिळता येणे हे आहेच. त्याऐवजी अल्प्राझोलाम हे गुंगी आणणारे चिंताशामक द्यावे म्हटले, तर पडण्याचा आणि गोंधळ वाढण्याचा धोका तिथेही टळत नाही.

गोळीविना सांभाळ म्हणजे आधी कारण शोधणे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, गुडघ्याचे दुखणे किंवा हरवलेला चष्मा यांपैकी काय सलते आहे हे त्या माणसाला सांगता येत नाही आणि ते अस्वस्थपणातून बाहेर पडते. अस्वस्थपणा कधी सुरू झाला, त्याआधी काय घडले आणि पोट साफ झाले होते का, याची दोन आठवडे वहीत नोंद ठेवली, तर बहुतेक वेळा काही धागा हाती लागतो. आजोबांना त्याच वेळी सोबत घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारणे आणि बैलांची चौकशी करणे, यालाही उपचाराइतकेच महत्त्व आहे. याला माणूसबळ लागते, हे खरे. तरीही जिवाला धोका नसेल, तर माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी.

गोळी द्यावीच लागली, तर ती कमीत कमी मात्रेत द्यावी, किमान दर 6 आठवड्यांनी तिचा फेरविचार व्हावा आणि गुण आला तरी 4 महिन्यांच्या आत ती हळूहळू कमी करून पाहावी. ही तारीख पहिल्याच दिवशी औषधतक्त्यावर लिहून घ्यावी, कारण एकदा सुरू झालेली गोळी बंद करण्याचे पुढे कोणालाच सुचत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हा या तुलनेतला वेगळाच घटक आहे. चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांवर जातो. मनोविकारविरोधी औषधांमुळे शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता घटते आणि ताठरपणासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, म्हणून उष्माघात लवकर होतो. लिथियम हे मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे औषध घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले किंवा त्याला दुखण्यावर आयबुप्रोफेन दिले गेले, तर रक्तातील लिथियम विषारी पातळीवर जाऊ शकते. हातांची जास्त थरथर, जुलाब किंवा झोकांड्या दिसल्या, तर पुढचा डोस न देता तात्काळ रुग्णालय गाठावे.

स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकारासाठी वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांना मात्र ही तुलना लागू नाही. त्यांची गोळी आश्रमाने परस्पर कधीही बंद करू नये. मनोविकारतज्ज्ञ दूर असतील, तर 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, आणि जिल्हा रुग्णालयात जाताना नोंदींची वही व सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.