पहिली ई-सिगारेट: खोक्यावरच्या आकड्यांनी होणारी फसवणूक

पहिल्यांदा ई-सिगारेट घेणाऱ्याला गंडवायला विक्रेत्याला फार डोकं लढवावं लागत नाही. खोक्यावर चार-पाच आकडे छापलेले असतात: बॅटरी किती एमएएच (म्हणजे तिचा साठा), यंत्र किती वॅट, झुरके किती, निकोटिन किती. यातला एकही आकडा विकत घेताना उभ्या उभ्या तपासता येत नाही. घरी आल्यावर बटण दाबलं की दिवा लागतो, वाफ येते, म्हणजे वस्तू चालते. त्यामुळे सुरुवातीचे आठ-दहा दिवस कुणाला संशय येत नाही आणि तोवर परत घेण्याची मुदत टळून गेलेली असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. ‘ही तर नुसती पाण्याची वाफ’ असं सांगून विकणारा पहिल्याच वाक्यात खोटं बोललेला असतो. आत प्रॉपिलिन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरिन, निकोटिन आणि फ्लेवर असतात, आणि निकोटिनची सवय लागते. सिगारेट न ओढणाऱ्याने आणि अठराच्या आतल्या कुणीही या वाटेला जाऊच नये. इथे विषय आहे तो सिगारेट सोडण्यासाठी पर्याय शोधणाऱ्या आणि त्या नादात लुटल्या जाणाऱ्या माणसाचा.

त्याची फसवणूक साधारण एकाच पद्धतीने होते. ‘स्टार्टर किट’ म्हणून त्याच्या माथी मारला जातो २०० वॅटचा जाडजूड बॉक्स मोड (सुटे सेल घालून चालणारं डबीसारखं यंत्र), मोठी टाकी, सोबत ‘मोफत’ दोन सेल आणि ज्यूसच्या, म्हणजे वाफ होणाऱ्या द्रवाच्या, दोन बाटल्या. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असा त्याचा समज असतो आणि विक्रेता तो मोडत नाही. खरं तर सिगारेटसारखा आवळ झुरका हवा असलेल्याला १० ते १५ वॅटचा छोटा पॉड (द्रवाची कुपी बसवायचं लहान यंत्र) आणि १ ओम रेझिस्टन्सच्या आसपासची कॉइल (द्रव तापवणारी तार) पुरते. मोठ्या मोडचा धूर छातीत थेट ओढायचा असतो. सिगारेटवाल्याला पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो, तो यंत्र बाजूला टाकतो आणि पुन्हा सिगारेट पेटवतो. यात बनावट काहीच नसतं, तरी माणूस फसलेलाच असतो.

पैशांबरोबर हातही पोळतो तो सेलमध्ये, म्हणून इथे जरा थांबू. मोडमध्ये बसणारा नेहमीचा सेल १८६५० म्हणून ओळखला जातो, कारण त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. नावाजलेल्या कारखान्यांचे या मापाचे सेल बहुतेक २५०० ते ३५०० एमएएचचे असतात. ५०००, ६८००, ९९०० असं छापलेलं दिसलं तर पुढे काही वाचायची गरजच नाही. दुसरा आकडा अँपिअरचा. एमएएच जास्त तितका सतत देता येणारा प्रवाह साधारण कमी, हा या सेलचा स्वभाव आहे. म्हणून ‘३५०० एमएएच, ४० अँपिअर’ असं एकत्र लिहिलेलं रॅप, म्हणजे सेलवरचं वेष्टण, खोटंच समजावं. कित्येकदा क्षणभराच्या झटक्याचा आकडा सतत प्रवाहाचा म्हणून छापतात.

मोफत मिळालेले सेल बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले आणि नवं प्लॅस्टिकचं रॅप चढवलेले असतात. ओळखायची सोपी जागा म्हणजे सेलचा तळ, म्हणजे ऋण टोक. उजेडात तिरपा धरून बघा. नव्या सेलचा तळ गुळगुळीत असतो. बॅटरीतून उपटलेल्या सेलवर निकेलची पट्टी जिथे डकवलेली होती तिथे स्पॉट वेल्डिंगचे जोडीजोडीने बारीक ठिपके किंवा खळगे दिसतात. ते घासून काढले असतील तर गोलाकार ओरखडे राहतात. हे पाहायला रॅप सोलावंही लागत नाही. मग सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. खऱ्या १८६५० चं वजन ४४ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. ३०-३५ ग्रॅम भरलं तर आत माल कमी आहे. मोठ्या नळीत छोटा सेल बसवून उरलेल्या जागेत पावडर भरलेले नमुनेही उघडकीला आले आहेत. तळ आणि वजन ठीक निघालं तरच पुढे जायचं; शेवटची खात्री क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर होते. सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचा आणि अर्ध्या ते एक अँपिअरने रिकामा होऊ द्यायचा. ३००० छापलेल्या सेलने २८०० दाखवले तर ठीक, १२०० दाखवले तर काय समजायचं ते समजा. तोच चार्जर इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला अडथळा) दाखवत असेल तर चांगल्या नव्या सेलचा साधारण २० ते ४० मिलीओम येतो. शंभराच्या घरात गेलेला सेल मोडमध्ये घालू नये.

याने धोका काय होतो, ते हिशेबाने बघा. एका सेलचा मोड ६० वॅटवर चालवला आणि सेल उतरत उतरत ३.२ व्होल्टवर आला की ६० भागिले ३.२ म्हणजे जवळपास १९ अँपिअर लागतात. यंत्रातली गळती धरली तर २१. लॅपटॉपचा सेल एवढा प्रवाह देण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो तापतो, यंत्र मध्येच ‘बॅटरी कमी’ दाखवून बंद पडतं, आणि सर्किटही निकृष्ट असेल तर सेल गॅस सोडतो. हाच हिशेब दोन सेलच्या २०० वॅटला लावला तर प्रत्येक सेलवर १०० वॅट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. नेहमीचे बहुतेक १८६५० सेल इतका प्रवाह सतत देत नाहीत. म्हणजे मोड अस्सल असला तरी खोक्यावरचा २०० हा आकडा बहुतेक शोभेचाच. दोन सेलच्या मोडमध्ये वेगवेगळ्या वयाचे किंवा ब्रँडचे सेल एकत्र घालू नयेत. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली खेचतो. रॅप फाटलं असेल तर सेल वापरू नका, कारण धन टोकाची टोपी सोडली तर बाहेरचा सगळा धातू ऋण असतो. खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटा सेल ठेवणं म्हणजे स्वतःहून शॉर्ट करणं.

मेकॅनिकल मोड, म्हणजे सर्किटच नसलेली धातूची नळी, नवख्याला कुणी ‘मजबूत असतो’ म्हणून दाखवली तर तिथून निघावं. ०.२ ओमची कॉइल आणि भरलेला सेल म्हणजे ४.२ भागिले ०.२, थेट २१ अँपिअर, आणि मध्ये अडवणारं काही नाही.

झुरक्यांचा आकडा कागदावर पडताळता येतो. युरोपीय संघाच्या नियमांत टाकीला २ मिलिलिटरची मर्यादा आहे आणि त्या मापाची वापरून फेकायची यंत्रं साधारण ६०० झुरक्यांची म्हणून विकली जात. म्हणजे मिलिलिटरला ३०० झुरके, तेही छोटे. या दराने १०,००० झुरक्यांना ३३ मिलिलिटर लागतील. खोक्यावर १०,००० आणि आत १० मिलिलिटर असेल तर एक तर झुरका निमिषभराचा धरलाय, नाही तर आकडा हवेतला आहे. बॅटरीचंही तसंच. ६५० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे २.४ वॅट-तास, म्हणजे सुमारे ८,६०० ज्यूल. १० वॅटवर दोन सेकंदांच्या झुरक्याला २० ज्यूल लागतात. सगळी ऊर्जा कामी आली तरी एका चार्जमध्ये चारशेच्या थोडे वर. ‘एका चार्जमध्ये २,००० झुरके’ लिहिणाऱ्याने हा भागाकार केलेला नाही, किंवा तुम्ही करणार नाही असं गृहीत धरलं आहे.

निकोटिनच्या आकड्यात गफलत टक्क्यांची असते. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम म्हणजे २ टक्के, ५० म्हणजे ५ टक्के. पण काही कंपन्या टक्के वजनावर मोजतात आणि मग ५ टक्क्यांचे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम होतात. युरोपात कमाल मर्यादा २० ची आहे. छोट्या पॉडसाठी बनवलेलं ५० चं निकोटिन सॉल्ट (घशाला कमी बोचणारा निकोटिनचा प्रकार) किटबरोबर ‘मोफत’ आलं आणि ते मोठ्या टाकीत भरलं की काय होतं? तिथे एका झुरक्यात कितीतरी पट द्रव वाफ होतो. गरगरणं, मळमळ, घाम, उलटी, छातीत धडधड. नवख्याला वाटतं फ्लेवर मानवला नाही. मोठ्या टाकीत ३ ते ६ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. आणि ‘शून्य निकोटिन’ या लेबलवर डोळे झाकून विसंबू नका. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या, निकोटिन नाही असं लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या कार्ट्रिजमध्ये (द्रव भरलेल्या कुप्यांमध्ये) ते सापडलं होतं.

बाटलीवर मिलिलिटरमागे मिलिग्रॅम, घटक, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि मुलांना सहज न उघडणारं झाकण, एवढं नसेल तर ती बाटली फुकट मिळाली तरी महागच. रंगावरून ताकद ओळखता येते ही थाप आहे. निकोटिन हवेने काळवंडतं, पण काही फ्लेवर मुळातच गडद असतात. सुटं, घरी भरलेलं, तेलकट दिसणारं काहीही ओढू नका. खाण्याचा तेलाधारित इसेन्स यासाठी नसतो, तेल फुप्फुसात बसतं. अमेरिकेत २०१९ मध्ये अशी यंत्रं ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या दुखापतीची साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यात मुख्य संशय अनधिकृत टीएचसी (गांजातला नशेचा घटक) कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर होता.

कॉइलच्या बाबतीत विक्रेत्याचं आवडतं उत्तर एकच: ‘तुम्हाला वापरता येत नाही.’ कधीकधी ते खरंही असतं. नव्या कॉइलच्या कापसावर ज्यूसचे तीन-चार थेंब टाकायचे, टाकी भरायची, पाच ते दहा मिनिटं तशीच ठेवायची, बटण न दाबता दोन-तीनदा ओढायचं आणि कॉइलवर लिहिलेल्या पट्ट्यातल्या सर्वांत कमी वॅटने सुरुवात करायची. हे न करता बटण दाबलं तर कापूस कोरडा जळतो, घशाला चटका बसतो आणि त्या वाफेत फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं तयार होतात. जळलेली कॉइल पुन्हा सुधारत नाही, फेकूनच द्यावी लागते. ज्यूसचा दाटपणाही बघावा लागतो. पॉडला निम्मं प्रॉपिलिन ग्लायकॉल, निम्मं ग्लिसरिन चालतं. ७० टक्के ग्लिसरिनचा दाट ज्यूस पॉडच्या बारीक छिद्रांतून पुरेसा झिरपत नाही आणि कॉइल जळते. उलट पातळ ज्यूस मोठ्या टाकीतून गळतो.

पण हे सगळं नीट करून, त्याच पाकिटातली दुसरी कॉइलही कमी वॅटवर जळकी लागली, तर दोष तुमचा नाही. रेझिस्टन्स तपासा. १.० ओम लिहिलेली थंड कॉइल यंत्रावर ०.७ दाखवत असेल, किंवा दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर पाकीट बनावट धरा. मल्टिमीटरने मोजताना आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करायचा, नाहीतर चांगली कॉइलही खोटी ठरेल.

आता स्क्रॅच कोड. खोक्यावरची पट्टी खरवडून कोड कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की अस्सल-नक्कल कळतं, असा समज आहे. नकली मालवाले क्यूआर कोडच स्वतःच्या पानावर नेतात आणि तिथे कुठलाही कोड टाका, ‘अभिनंदन, अस्सल’ असंच येतं. पत्ता स्वतः टाइप करा. ‘हा कोड आधी तपासला गेला आहे’ असं आलं तर कोड नकललेला आहे किंवा खोकं आधी कुणीतरी उघडलेलं आहे. ‘फक्त पाठवणीचा खर्च द्या, किट मोफत’ ही जाहिरात मात्र वेगळ्या जातीची. तिथे सावज तुमचं कार्ड असतं. बारीक अक्षरांत दरमहा रिफिलची संमती दिलेली असते आणि पैसे कापले जात राहतात. अशा वेळी विक्रेत्याला मेल करत बसू नका. बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि व्यवहारावर लेखी हरकत घ्या.

काही देशांत हा सगळा बाजारच बेकायदा आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. साठवण सोडून बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सिंगापूर, थायलंड, ब्राझीलमध्येही बंदी आहे. तिथे मिळणारा सगळा माल चोरटा, त्यामुळे वरच्या कुठल्याही तपासण्या करायला बिल नाही, बॅच नाही आणि तक्रारीला तोंड नाही. फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आगाऊ पैसे घ्यायचे, मग ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, दंड भरा’ म्हणून आणखी मागायचे, आणि गप्प बसला नाहीत तर तुमच्यावरच केस होईल असा दम द्यायचा. मत विचाराल तर बंदी असलेल्या ठिकाणी हा नाद सोडून डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिन गम किंवा पॅच घ्यावा.

संशयित सेल हाती आलेच असतील तर ते ‘एकदा चार्ज करून बघू’ म्हणून लावू नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, प्लॅस्टिकच्या डबीत वेगवेगळे ठेवा आणि ई-कचरा संकलनात द्या. घरच्या कचऱ्यात गेलेला लिथियम सेल गाडीत दाबला गेला की पेट घेतो. उरलेला ज्यूस मोरीत ओतू नये. बाटली घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या. २० मिलिग्रॅमच्या १० मिलिलिटर बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि लहान मुलाला त्याचा एक घोटही भारी पडू शकतो. अंगावर सांडला तर लगेच साबणाने धुवा, आणि मुलाच्या तोंडात गेला असेल तर उलटीची वाट न पाहता बाटलीसकट दवाखाना गाठा.